तेरा वर्षं मागं

माझं वय एकोणपन्नास आणि पैशाचं वय छत्तीस. हे मी लाजून सांगत नाही आणि मिरवतही नाही. अख्ख्या कोल्हापुराला आता प्रत्येकाचं माहीत असतं, त्यात माझं काय झाकून राहणार? पूर्वी मंडईत दोन बायका भेटल्या की ‘जेवण झालं का’ म्हणायच्या, आता ‘टप्पा किती’ म्हणतात. लग्नाच्या बोलणीत पत्रिका मागाहून, टप्पा आधी. परवा रंकाळ्यावर दोन म्हातारे टप्प्यावरून हमरीतुमरीवर आले. दोघं ऐंशीच्या पुढं, आणि भांडण काय, तर मी तुझ्यापेक्षा चार वर्षं पुढं आहे! आता कुठं जायचं होतं त्यांना एवढं पुढं?

हे प्रकरण काय आहे ते एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुढं अडायला नको. पूर्वी पैशाच्या प्रगतीची सगळ्यांना एकच पट्टी असायची. तिशीत वर्षाच्या पगाराएवढं साठवा, चाळिशीत तिप्पट, पन्नाशीत सहापट. धुणंवालीला आणि डॉक्टरच्या पोराला तीच पट्टी. मग काही संशोधकांनी कोट्यवधी माणसांच्या कमाई-खर्चाची माहिती एकत्र केली आणि नवीन यंत्र बनवलं. ते तुमच्यासारखी हजार माणसं शोधून काढतं. त्याच साली जन्मलेली, तशाच गावातली, तशाच घरातली, तेवढंच शिकलेली. विसाव्या वर्षापर्यंत तुमच्यात आणि त्यांच्यात काडीचा फरक नाही. त्यांना म्हणतात तुमचे जुळे. या हजार जुळ्यांना ओळीनं उभं केलं की मधोमध जो येतो, तो छत्तिसाव्या वर्षी जिथं होता तिथं तुम्ही एकोणपन्नासाव्या वर्षी असाल, तर तुमचं पैशाचं वय छत्तीस. टप्पा उणे तेरा.

गंमत म्हणजे सुरुवातीला बायकांचे जुळे फक्त बायकांतच शोधायचे. तेव्हा माझा टप्पा चांगला उणे एक होता. मग कोणीतरी कोर्टात गेलं, बायका-पुरुष एकत्र मोजा असा निकाल लागला, आणि सकाळी उठून बघते तर मी एकदम तेरा वर्षं मागं. घर तेच, नवरा तोच, बँकेतली शिल्लक तीच. फक्त आजवर माझ्या शेजारी उभ्या केलेल्या सगळ्याच मागं होत्या, म्हणून मला कळलं नव्हतं एवढंच.

मला काय, मी म्हटलं असू दे. पण त्याच वर्षी चौगुले काकांनी लाँड्री विकायला काढली.

आमची लाँड्री म्हणजे शहरातल्या हॉस्पिटलांच्या चादरी, ऑपरेशनचे हिरवे कपडे, गाद्यांची कव्हरं धुणारी. मी तिथं एकोणीस वर्षं होते, शेवटची दहा वर्षं सगळा कारभार माझ्याकडंच. मोठी धुलाईची मशिनं, रोलरची इस्त्री, आणि आम्ही आठ बायका. काकांचे गुडघे गेले होते, मुलगा कॅनडात. ते म्हणाले, “वृषाली, दसऱ्यापर्यंत तू घेतलीस तर तुला देतो. न्हाई तर भंगारवाला मशिनं बघून गेलाय. आणि गाळा गोडाऊनला मागतायत.”

दुसऱ्या दिवशी मी बँकेत. तिथल्या कर्ज बघणाऱ्या तबस्सुम मुजावर, तिशीच्या आतली पोरगी, बोलायला गोड. तिनं माझा अर्ज यंत्रात घातला आणि तिचा चेहरा उतरला.

“मावशी, उणे सातच्या खाली असलं की यंत्र अर्ज वरच पाठवत नाही हो.”

“त्याला सांगा, ही लाँड्री मीच चालवते म्हणून. हॉस्पिटलवाले मला नावानं ओळखतात.”

“ते त्याला माहितीय. पण जी बाई तेरा वर्षं मागं पडलीय ती पुढचं कर्ज कसं फेडंल, असं ते धरतं.” मग तिनं इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. “तुम्ही फाटा काढून बघितलाय का कधी?”

फाटा म्हणजे तुम्ही आपल्या जुळ्यांपासून कुठं वेगळे झालात ती जागा. यंत्र तुमच्या आयुष्यातला एकेक निर्णय घेतं. त्या निर्णयापर्यंत हुबेहूब तुमच्यासारखे आणि तिथून दुसऱ्या वाटेनं गेलेले लोक ते बाजूला काढतं, आणि तुमच्याच वाटेनं गेलेल्यांचा दुसरा गट करतं. दोन्हीत फरक त्या एका निर्णयाचा. म्हणजे पुढं जे अंतर पडलं ते त्याच्यामुळंच. औषध तपासताना निम्म्या लोकांना औषध देतात आणि निम्म्यांना नुसती साखरेची गोळी, तसंच. फक्त इथं तपासणी आयुष्यानं आधीच करून ठेवलेली असते, यंत्रानं ती नुसती वाचायची.

मी म्हटलं, “काढा. मला माहितीय काय निघणार. यांचं ऑपरेशन आणि माझा सैल हात.”

सैल हात हे माझ्या भावाचं वाक्य. धैर्यशील माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. टप्पा अधिक बारा, आणि तो आकडा त्यानं घराच्या पाटीवर नावाखाली कोरून घेतलाय. दर भाऊबीजेला ओवाळून झालं, लाडू तोंडात गेला, की तो सुरू करायचा, “आक्का, रागावू नकोस, पण तुला पैशाचं वळण न्हाई बघ. मी बघ कसा एकेक पायरी चढत गेलो.” आणि मी मान डोलवायची. वर्षानुवर्षं डोलवली. मलाही ते खरंच वाटायचं.

मुजावर मॅडमनी स्क्रीन माझ्याकडं फिरवली. नवऱ्याचं आजारपण, उणे दोन. मुलाचं शिक्षण, उणे एक. खर्चाची आणि बचतीची सवय, अधिक दोन.

“हे काय, अधिक? उणे असंल ते. नीट बघा.”

“अधिकच आहे, मावशी. तुमच्या जुळ्यांपेक्षा तुम्ही जास्त जपून राहिलाय.”

आणि त्याच्याखाली शेवटची ओळ. सत्ताविसाव्या वर्षी केलेलं हक्कसोडपत्र, उणे बारा.

मला ते दिवस लख्ख आठवले. वडील गेले त्या वर्षी रिंगरोडची जागा आम्हा दोघांच्या नावावर आली. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. धैर्यशील म्हणाला, आक्का, एक सही. सगळ्याच बहिणी करतात, मी पण केली. साडी मिळाली, गुलाबजामचं जेवण मिळालं. त्या जागेवर त्यानं आधी गॅरेज टाकलं, मग मोटारींचं शोरूम. आणि त्या शोरूमच्या पायऱ्या चढून तो वर गेला, अन् वरून मला वळण शिकवत बसला.

मला तिथंच रडू फुटलं. पण खरं सांगते, रडण्यापेक्षा राग जास्त होता. जागा गेली त्याचा एवढा नाही. वीस वर्षं मी स्वतःला वेंधळी समजत होते, त्याचा.

आता माणसाचं नशीब बघा. आठवड्याच्या आत धैर्यशीलचा फोन.

“आक्का, शुक्रवारी अकराला रजिस्ट्रार ऑफिसात येतीस काय? दहा मिनिटांचं काम. एक सही आहे.”

“कसली सही?”

“आईच्या नावावरचा कागल रोडचा प्लॉट गं. आता आई न्हाई, तेव्हा नावं लावायची. नेहमीचंच. पल्लवीनं साडी बी आणलीय तुझ्यासाठी, पैठणी.”

आमची आई गेल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी म्हटलं, “सहीसाठी साडी?”

“छे गं! साडी मायेची. सहीचा काय संबंध?” तो हसला. तो मनानं वाईट नाही हो. हेच तर अवघड आहे.

नवऱ्याला सांगितलं. आमचे हे शाळेची बस चालवतात, बोलणं मोजकं. ते म्हणाले, “तुझं माहेर, तुझी आई, तुझी सही. मी मध्ये पडणार न्हाई. पण जे करशील ते ऐकून करायचं, एवढं बघ.”

ऐकून, म्हणजे ऐकवणी. हा नवा कायदा. घरातल्या घरात हक्क सोडायचा असला, तर सही करणाऱ्याला यंत्र आधी सांगतं, या सहीनं तुमचं पुढं काय होईल. तेच फाट्याचं गणित, फक्त उलट्या दिशेनं, झालेल्याऐवजी होणाऱ्याचं. रजिस्ट्रारच्या टेबलासमोर खुर्ची, खुर्चीसमोर स्क्रीन, आणि यंत्र बोलून सांगतं. कायदा चांगलाच आहे. पण स्क्रीनवर खाली एक बटण असतं, ‘ऐकायचं नाही’ असं. आणि आपल्याकडं काय झालं, तर बहिणींनी ते बटण दाबायची रीतच पडली. जी ऐकत बसेल ती हावरट. भावावर जिचा विश्वास असतो ती ऐकत नाही. आता तर फोटोही काढतात, बहीण बटण दाबतानाचा, मागं भाऊ हात जोडून उभा.

शुक्रवारी मी गेले. धैर्यशील, पल्लवी, आणि त्यांची मुलगी शिवांजली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या हातात साडीचा डबा. तिचा धाकटा भाऊ शाळेत होता. पल्लवीनं वाकून नमस्कार केला. “वन्सं, संपलं की जेवायला जाऊया, टेबल सांगून ठेवलंय.”

आमच्या आधी एक बाई होती, तीन भावांची एकटी बहीण. बसली न बसली तोच तिनं बटण दाबलं. “मला काय करायचंय ऐकून? माझे भाऊ आहेत ते.” तिघांचे डोळे पाण्यानं भरले. आजूबाजूच्या लोकांनीही माना डोलवल्या. मला त्या बाईचा राग आला नाही. मला तिच्या जागी मीच दिसले, सत्ताविसाची.

मग माझं नाव पुकारलं. मी खुर्चीत बसले. कारकून सवयीनं म्हणाला, “ताई, ते खालचं बटण दाबा.”

मी हात मांडीवर ठेवले. “मला ऐकायचंय.”

कारकुनानं वर बघितलं. पल्लवीनं धैर्यशीलकडं बघितलं. धैर्यशील हसला, पण नुसतं ओठानं. “आक्का, कशाला वेळ घालवतीस? मागं रांग आहे.”

यंत्र बोलायला लागलं, बारीक आवाजात. आणि धैर्यशील त्याच्यावरून बोलायला लागला. जेवणाचं, पार्किंगचं, आईच्या वर्षश्राद्धाचं. मला शब्द लागेना. मी वळून त्याला गप्प करणार, तेवढ्यात शिवांजली पुढं आली. साडीचा डबा तिनं बाकावर ठेवून दिला.

“आत्या, आवाज वाढवू?”

“वाढव.”

तिनं वाढवला, चांगला खणखणीत. सगळं ऑफिस ऐकायला लागलं.

“आपण ही सही केली, तर साठाव्या वर्षी आपलं पैशाचं वय बेचाळीस असेल. आपल्याला चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत काम करावं लागण्याची शक्यता आहे. सही केली नाही, तर सहासष्टाव्या वर्षापर्यंत. आपल्याला आठ वर्षांचा फरक पडेल. आपले बंधू धैर्यशील यांचा टप्पा पूर्ण प्लॉट मिळाल्यास दोन वर्षांनी वाढेल, अर्धा मिळाल्यास एका वर्षानं. हा अंदाज आहे, तो चुकू शकतो. शंभरातल्या सुमारे ऐंशी जणींच्या बाबतीत तो खरा ठरलेला आहे.”

मी मागं वळले.

“ऐकलंस, धैर्या?” मी म्हटलं. “माझी आठ वर्षं. आणि तुला त्याचं मिळणार काय, तर एक जास्तीचं वर्ष.”

“आक्का, यंत्राचं काय ऐकतीस! यंत्राला नातं कळतं व्हय?”

“न्हाई कळत. म्हणून तर ते खरं बोललं. मी सही करणार नाही. अर्धा प्लॉट माझ्या नावावर लागू दे.”

त्याचा चेहरा लाल झाला. मला बाजूला ओढत नेऊन तो दबक्या आवाजात म्हणाला, “मी विसार घेतलाय त्या प्लॉटवर. बिल्डरला शब्द दिलाय मी.”

“मला विचारून घेतलास?”

“तुला काय विचारायचं? तू कधी न्हाई म्हटलीस?”

बघा, एवढंच तो म्हणाला. अगदी सरळ मनानं. त्यात मला फसवायचं काही नव्हतं. त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं की आक्का नाही म्हणू शकते, आणि हे माझ्या काळजाला जेवढं लागलं तेवढं उणे बाराही लागलं नव्हतं.

“आज म्हणतेय,” मी म्हटलं. “मला लाँड्री घ्यायची आहे. दसऱ्याच्या आत. आठ जणींचं पोट आहे त्याच्यावर. आणि मला ती चालवायची आहे, धैर्या. माझी म्हणून.”

“माहेर तुटंल बघ.”

“ते तुझ्या हातात आहे. मी तोडत नाही.”

पल्लवीनं बाकावरचा साडीचा डबा उचलून पिशवीत टाकला. ते तिघं गेले. जाता जाता शिवांजलीनं एकदा मागं वळून बघितलं. जेवणाचं टेबल तसंच राहिलं असणार. मी खाली गाडीवर मिसळ खाल्ली, एकटीनं, आणि घरी येऊन खूप रडले.

पुढचं सगळं मात्र पटापट झालं, म्हणजे मी करून घेतलं. तलाठी ऑफिसात चकरा मारल्या, नाव लावून घेतलं. अर्धा प्लॉट हिशेबात धरल्यावर टप्पा उणे सहावर आला. मुजावर मॅडमनी फोन केला तेव्हा ती पोरगी ओरडतच होती, “मावशी, गेला अर्ज वर! गेला!” दसऱ्याला मशिनांना झेंडूच्या माळा घातल्या. चौगुले काका काठी टेकत आले आणि रोलरच्या इस्त्रीवरून हात फिरवत उभे राहिले. आम्ही आठ जणींनी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलची पहिली गाडी आली, ढीगभर चादरी घेऊन, आणि रेश्मा म्हणाली, “मालकीणबाई, उभ्या काय राहताय? हात लावा.” इतकं हसलो आम्ही.

पण धैर्यशील आला नव्हता. राखी मी कुरिअरनं पाठवली होती, पोचली की नाही तेही कळलं नाही. वर्षश्राद्धाला आम्ही दोघं एका पंगतीत बसलो आणि एक शब्द बोललो नाही. बिल्डरचा विसार त्यानं परत केला, हे मला बाहेरून कळलं. पुढं कळलं की त्यानं घराची पाटी काढून घेतली. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं. पण त्यानं काही बरं वाटेना. दिवाळीत फराळाचे डबे भरताना त्याला आवडतात म्हणून चकल्या जास्त झाल्या आणि माझ्याच ध्यानात आलं नाही.

भाऊबीजेला मी यांना म्हटलं, “मी चाललेय.”

“बोलावलंय?”

“माहेरी जायला बोलावणं लागतं होय?”

गेले. दार शिवांजलीनं उघडलं आणि तिच्या तोंडून “आत्या!” एवढं मोठ्यानं निघालं की आतली भांडी थांबली. धैर्यशील हॉलमध्येच होता. उठला नाही. मी ताट घेतलं, निरांजन लावलं, पाट मांडला.

“ये. बस.”

तो आला. बसला. खाली बघत. मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. लाडू तोंडात घातला. आता दरवर्षीचं ते वळणाचं वाक्य यायचं, पण ते काही आलं नाही. त्यानं खिशात हात घातला आणि तसाच राहिला. किती टाकावं हेच त्याला सुचेना, मला दिसत होतं. पाचशे टाकले तर राग धरला असं होईल, पाच हजार टाकले तर काहीतरी फेडतोय असं होईल.

मी म्हटलं, “ते राहू दे. माझी साडी कुठाय?”

त्यानं मान वर केली. “कसली साडी?”

“पैठणी. शुक्रवारची. तू म्हणालास ना, मायेची आहे, सहीचा काय संबंध? मग ती माझीच आहे. मी घ्यायला आलेय.”

पल्लवी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. हसू होतं का रडू, मला कळलं नाही. शिवांजली आत जायला लागली तसा धैर्यशील म्हणाला, “थांब, मी आणतो.”

तो बराच वेळ आत होता. आला तेव्हा डबा हातात, डोळे लाल. माझ्यासमोर पुन्हा पाटावर बसला, झाकण स्वतःच उघडलं आणि साडी माझ्या ताटात ठेवली.

“रंग बघ, आक्का,” तो म्हणाला. “आवडला न्हाई तर बदलून देतो म्हटलाय दुकानदार.”

“बदलायची न्हाई,” मी म्हटलं.